बालीगंज आणि लुंबिनी पार्क : धर्मभेद व मनोव्यथा यांचा एक इतिहास

दक्षिण कोलकात्यातील बालीगंज ही वस्ती आज जुनी वाटत असली, तरी तिचे सध्याचे रूप विसाव्या शतकातच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात सियालदहहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला, आणि बागा, तळी व श्रीमंतांची उद्यानगृहे यांनी व्यापलेला हा उपनगरी भाग शहराशी जोडला गेला. पुढे १९१२ नंतर कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने येथे रुंद रस्ते आखले, दलदली बुजविल्या, ढाकुरियाचे विस्तीर्ण सरोवर खोदले. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, सरकारी अधिकारी अशा सुशिक्षित बंगाली मध्यमवर्गाने, म्हणजेच भद्रलोकांनी, आपली घरे या नव्या रस्त्यांवर बांधली. लोहमार्गाच्या पूर्वेला कसबा आणि तिळजला या श्रमिकांच्या वस्त्या होत्या. उत्तरेला पार्क सर्कसचा परिसर होता, जेथे मुसलमानांची संख्या मोठी होती. धर्म आणि वर्ग यांच्या सीमारेषा शहराच्या नकाशावर अशा रीतीने उमटत गेल्या. त्या रेषा केवळ नकाशावरच राहिल्या नाहीत. माणसांच्या मनांतही त्या उतरल्या. बालीगंजच्या परिसराचा गेल्या शतकाचा इतिहास वाचताना या दोन नकाशांचा परस्परसंबंध पुनःपुन्हा समोर येतो.

धर्मावरून होणारा भेदभाव आणि मनाचे आरोग्य यांचा संबंध वरवर पाहता सरळ वाटतो. ज्याचा अपमान होतो, ज्याला घर नाकारले जाते, ज्याला जिवाची भीती वाटते, त्याचे मन खचते, हे सांगण्यास शास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. परंतु इतिहासात हा संबंध तीन वेगवेगळ्या मार्गांनी प्रकट होतो. भेदभाव मनाला जखम करतो, हा पहिला मार्ग. आजारी माणसाला उपचार कोठे, कसे आणि कोणाबरोबर मिळावेत हे त्याच्या धर्मावरून किंवा वर्णावरून ठरते, हा दुसरा. आणि मनाच्या आजाराचा अर्थ लावताना समाज धर्माची भाषा वापरतो, हा तिसरा. हे तीनही मार्ग बालीगंजच्या आसपास एकमेकांना छेदून जातात.

इंग्रजी राजवटीत कोलकात्यात वेड्यांच्या इस्पितळांची विभागणी वंशावर आधारलेली होती. भवानीपूरचे इस्पितळ युरोपियनांसाठी होते, तर डलंडा येथील इस्पितळ एतद्देशीयांसाठी. या संस्थांच्या वार्षिक अहवालांत रुग्णांच्या धर्माचे व जातीचे तक्ते असत. किती हिंदू, किती मुसलमान, किती ख्रिस्ती, याची नोंद काटेकोरपणे होई. पण त्या माणसाला काय वाटत होते याची नोंद क्वचितच होई. हीच रीत पुढे रांचीलाही चालू राहिली. तेथे १९१८ मध्ये युरोपियनांचे मनोरुग्णालय उघडले आणि १९२५ मध्ये कांके येथे भारतीयांचे. दोन्ही संस्था एकाच गावात होत्या, तरी एकीतील रुग्णाच्या वाट्याला येणारी जागा, अन्न आणि देखभाल दुसरीतील रुग्णाला मिळत नव्हती. वेड लागल्यावरही माणसाचा समाजातील दर्जा सुटत नाही, हे या व्यवस्थेने दाखवून दिले होते.

या पार्श्वभूमीवर डॉ. गिरींद्रशेखर बोस यांचे कार्य उठून दिसते. १८८७ मध्ये जन्मलेल्या या वैद्याने संमोहन आणि मनोविकार यांचा अभ्यास जवळजवळ स्वतःच्या बळावर केला. दमनाच्या संकल्पनेवरील त्यांचा इंग्रजी प्रबंध १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांनी व्हिएन्नाला सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे पाठविला आणि त्यातून दीर्घकाळ चाललेल्या पत्रव्यवहाराचा आरंभ झाला. १९२२ मध्ये पारसी बागान गल्लीतील त्यांच्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. १९३३ मध्ये कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आर. जी. कर महाविद्यालयात, त्यांनी मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला; सर्वसाधारण रुग्णालयात सुरू झालेला देशातील हा पहिला असा विभाग मानला जातो. माणसाने तुरुंगासारख्या भिंतींआड न जाता, ताप किंवा खोकला दाखवायला यावे तसे आपले मन दाखवायला यावे, ही यामागची कल्पना होती.

१९४० मध्ये या कार्याने पुढचे पाऊल टाकले. गिरींद्रशेखरांचे थोरले बंधू राजशेखर बोस हे ‘परशुराम’ या टोपणनावाने लिहिणारे बंगालीतील श्रेष्ठ विनोदी लेखक आणि ‘चलन्तिका’ या शब्दकोशाचे कर्ते. त्यांनी बालीगंज स्थानकाच्या पूर्वेला, तिळजला भागातील आपली जागा मनोविश्लेषण संस्थेला दिली आणि तेथे लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय उभे राहिले. संस्थेने निवडलेले नाव बुद्धाच्या जन्मस्थळाचे होते. भद्रलोकांच्या नव्या वस्तीला लागून, पण तिच्या सीमेपलीकडे, लोहमार्ग ओलांडून गेल्यावर हे रुग्णालय लागे. आज त्या रस्त्याला गिरींद्रशेखरांचेच नाव आहे.

या संस्थेच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. मनोविश्लेषण संस्थेचे सभासद प्रामुख्याने उच्चवर्णीय हिंदू भद्रलोक होते, आणि त्यांच्या जोडीला लष्करी वैद्यकीय सेवेतील दोन इंग्रज डॉक्टर. गिरींद्रशेखरांनी गीता, पुराणे आणि योगसूत्रे यांचा अभ्यास केला होता. मनाच्या परस्परविरुद्ध इच्छांविषयीचा त्यांचा सिद्धान्त भारतीय दर्शनांच्या परिभाषेशी नाते सांगतो. हे त्यांचे सामर्थ्य होते, पण त्यामुळे ज्या मनाचा अभ्यास या मंडळींनी केला ते मुख्यतः हिंदू मन राहिले. कोलकात्याच्या लोकसंख्येतील मोठा मुसलमान समाज या अभ्यासात फारसा बोलताना आढळत नाही.

धर्मसंघर्षाचा प्रश्न मात्र त्यांच्या वर्तुळात लवकरच उपस्थित झाला. संस्थेचे सभासद आणि रांचीच्या युरोपियन मनोरुग्णालयाचे अधीक्षक ओवेन बर्कली-हिल यांनी १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण नियतकालिकात हिंदु-मुस्लिम ऐक्यावर एक निबंध लिहिला. मातृभूमीची प्रतिमा, गाईचे पावित्र्य, आदिम कुलचिन्हांची पूजा यांच्या आधारे त्यांनी दोन समाजांतील वैराचे मूळ शोधण्याचा प्रयत्न केला. निबंध धाडसी होता. पण त्यात नोकऱ्या, जमिनी, मतदारसंघ आणि राज्यकर्त्यांचे धोरण यांना जवळजवळ स्थान नव्हते. इंग्रज अधिकाऱ्याला दंगलीचे मूळ प्रजेच्या बालपणात सापडावे आणि स्वतःच्या राजवटीत सापडू नये, ही गोष्ट नजरेआड करण्यासारखी नाही. संपूर्ण समाजाला रुग्ण ठरविले की अन्यायाची जबाबदारी कोणावरच राहत नाही. मानसशास्त्राच्या या धोक्याची जाणीव ठेवूनच पुढील इतिहास वाचावा लागतो.

लुंबिनी पार्कमध्ये आलेल्या रुग्णांपैकी सर्वांत प्रसिद्ध रुग्ण म्हणजे काझी नझरुल इस्लाम. १८९९ मध्ये बर्दवान जिल्ह्यातील चुरुलिया गावी जन्मलेल्या या कवीने पहिल्या महायुद्धात लष्करात नोकरी केली, आणि १९२२ च्या आरंभी ‘विद्रोही’ ही कविता प्रसिद्ध होताच बंगालला हलवून सोडले. त्याच वर्षी त्यांनी ‘धूमकेतू’ हे नियतकालिक काढले आणि राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगवास पत्करला. १९२४ मध्ये त्यांनी प्रमिला देवींशी विवाह केला. वधू हिंदू घराण्यातील होती. विवाहासाठी तिने धर्म बदलला नाही. मुलांची नावे ठेवतानाही दोन्ही परंपरा एकत्र आल्या. पहिल्या मुलाचे नाव कृष्ण महंमद, दुसऱ्याचे अरिंदम खालिद. एकाच लेखणीतून त्यांनी कालीमातेची श्यामासंगीते लिहिली आणि ईदची गाणीही लिहिली. १९२६ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात दंगल उसळली, तेव्हा मंदिर आणि मशीद यांच्या नावाने माणसे मारणाऱ्यांवर त्यांनी जळजळीत लेख लिहिला.

याची किंमत त्यांना दोन्ही बाजूंनी द्यावी लागली. कडव्या मुसलमान नियतकालिकांनी त्यांना काफर ठरविले. सनातनी हिंदूंच्या दृष्टीने ते यवन होते आणि त्यांचा विवाह हा घरभेद होता. ‘शनिबारेर चिठि’सारख्या साप्ताहिकाने त्यांची सतत टवाळी केली, तिच्यात वाङ्मयीन मतभेद किती आणि इतर काय होते, हे वेगळे करणे कठीण आहे. १९२९ च्या डिसेंबरमध्ये कोलकात्याच्या अल्बर्ट हॉलमध्ये त्यांचा नागरी सत्कार झाला. आचार्य प्रफुल्लचंद्र राय अध्यक्ष होते, सुभाषचंद्र बोस यांनी भाषण केले. सत्काराला उत्तर देताना नझरुल यांनी या दोन्ही शिव्यांचा उल्लेख केला आणि आपण यांपैकी कोणीच नाही, आपण फक्त दोघांना एका जागी आणून हस्तांदोलन करविण्याचा प्रयत्न केला, अशा आशयाचे उद्गार काढले. सत्काराच्या प्रसंगी माणसाला आपण कोण नाही हे सांगावे लागते, यातच त्या काळाचा ताण दिसून येतो. त्यानंतर काही महिन्यांतच, १९३० मध्ये, अरिंदम खालिद देवीच्या साथीत दगावला. दशकाच्या अखेरीस प्रमिला देवींना पक्षाघात झाला. कर्ज वाढत गेले.

१९४२ च्या जुलैमध्ये नझरुल यांची वाचा अडखळू लागली आणि पाहता पाहता गेली. त्या वेळी ते फजलुल हक यांच्या ‘नवयुग’ या दैनिकाचे संपादक होते. हवापालटासाठी त्यांना मधुपूरला नेण्यात आले. त्या कामी हक मंत्रिमंडळातील अर्थमंत्री आणि हिंदू महासभेचे नेते श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी साहाय्य केले. राजकारणाच्या व्यासपीठावर जी अंतरे दुर्लंघ्य वाटत, ती एका आजारी कवीच्या अंथरुणापाशी काही काळ मिटली, ही नोंद इतिहासाने जपून ठेवावी अशी आहे. सुधारणा न झाल्याने ऑक्टोबरमध्ये त्यांना लुंबिनी पार्कमध्ये दाखल केले गेले. सुमारे चार महिने तेथे गिरींद्रशेखरांच्या देखरेखीखाली उपचार झाले. पण वाचा परत आली नाही.

या मौनाचा अर्थ लावण्याची स्पर्धा तेव्हापासून सुरू झाली. कोणी पुत्रशोक हे कारण सांगितले, कोणी दारिद्र्य, कोणी योगसाधनेचा अतिरेक. दोन्ही समाजांनी छळलेले मन अखेर मुके झाले, ही उपपत्ती सर्वांत हृदयस्पर्शी होती आणि म्हणूनच ती सर्वांत अधिक पसरली. १९५२ मध्ये चाहत्यांनी स्थापन केलेल्या समितीने त्यांना रांचीला पाठविले आणि १९५३ मध्ये प्रथम लंडनला, नंतर व्हिएन्नाला. व्हिएन्ना येथे डॉ. हान्स हॉफ यांनी मेंदूच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून ‘पिक्स डिसीज’ असे निदान केले. या आजारात मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांचा क्रमाने ऱ्हास होतो, आणि त्यावर इलाज नव्हता. म्हणजे फ्रॉइड यांच्या गावाने जे उत्तर दिले त्यात दडपलेल्या इच्छांना किंवा समाजाच्या घावांना जागा नव्हती. ते शरीराचे दुखणे होते.

येथे इतिहासकाराने सावध राहावयास हवे. नझरुल यांच्यावर झालेला धार्मिक अन्याय खरा आहे, आणि त्यांचा आजारही खरा आहे. पण पहिल्यामुळे दुसरा झाला असे म्हणण्यास आधार नाही. असे म्हणण्याचा मोह होतो, कारण आजाराची साक्ष मिळाल्याशिवाय अन्यायाला पुरेसे वजन येत नाही असे वाटते. वस्तुतः माणूस निरोगी राहिला तरी त्याला काफर आणि यवन म्हणून हिणविणे अन्यायच ठरते. छळ सोसूनही ताठ राहिलेल्या माणसाचे दुःख त्यामुळे कमी भरत नाही.

आणि तरीही धर्मभेदाने या रुग्णाला सोडले नाही. फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी त्यांना आपले म्हटले, पण आपापल्या परीने. पूर्व पाकिस्तानात त्यांच्या गीतांतील हिंदू वाटणारे शब्द बदलण्याचे प्रकार झाले. एका संचलनगीतातील ‘महाश्मशान’ या शब्दाच्या जागी ‘गोरस्थान’ घातले गेले. कवी जिवंत होता, पण हरकत घेण्याची त्याची शक्ती उरली नव्हती. १९६२ मध्ये प्रमिला देवी निवर्तल्या. त्यांना चुरुलियाला दफन करण्यात आले. १९७२ मध्ये नव्या बांगलादेशाने कवीला ढाक्याला नेले आणि २९ ऑगस्ट १९७६ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांची कबर ढाका विद्यापीठाच्या मशिदीजवळ आहे. ज्या दोघांनी एका घरात दोन धर्म सांभाळले, त्यांच्या कबरी दोन देशांत आहेत.

नझरुल यांच्या आजाराला चार वर्षे होत होती, तेव्हा कोलकात्यावर आणखी मोठे संकट आले. १६ ऑगस्ट १९४६ रोजी मुस्लिम लीगच्या प्रत्यक्ष कृतिदिनापासून सुरू झालेल्या हत्याकांडात काही दिवसांतच सुमारे ४,००० माणसे मारली गेली आणि लाखभर लोक बेघर झाले. ऑक्टोबरमध्ये नोआखाली, त्यानंतर बिहार अशी ही साखळी पुढे गेली. १९४७ च्या सप्टेंबरमध्ये गांधीजींच्या उपोषणाने शहर काही काळ शांत झाले. पण १९५० च्या आरंभी दंगली पुन्हा उसळल्या आणि त्या वर्षीच्या ८ एप्रिलला नेहरू-लियाकत करार करावा लागला. १९४१ च्या जनगणनेत कोलकात्याच्या लोकसंख्येत मुसलमानांचे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. १९५१ मध्ये ते सुमारे १२ टक्क्यांवर आले. मिश्र वस्त्यांतून मुसलमान कुटुंबे उठली आणि पार्क सर्कससारख्या भागांत एकवटली. त्यांनी सोडलेल्या जागा पूर्व बंगालमधून आलेल्या हिंदू निर्वासितांनी घेतल्या, आणि तेही सर्वस्व गमावून आलेले होते. एकाच गल्लीत एकाची भीती बाहेर पडत होती आणि दुसऱ्याची आत येत होती.

या निर्वासितांच्या मनांचा अभ्यास स्वतंत्र भारतात लवकरच झाला, ही विशेष गोष्ट आहे. १९५० मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने सामाजिक तणावांवरील संशोधनाचा एक व्यापक प्रकल्प हाती घेण्यात आला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गार्डनर मर्फी त्याचे सल्लागार होते आणि त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. या प्रकल्पात मानवशास्त्रज्ञ बी. एस. गुहा यांच्या पथकाने हुगळी जिल्ह्यातील जिरात आणि बालीगंजच्या दक्षिणेकडील आझादगड या दोन निर्वासित वसाहतींची पाहणी केली. आझादगड ही निर्वासितांनी मोकळ्या जमिनीवर स्वतः वसविलेली वसाहत होती. पाहणीत मुसलमानांविषयीच्या रागाबरोबरच शासनाविषयीचा रोष ठळकपणे पुढे आला. घर गेले, मान गेला, आणि नव्या जागी आपण कोणाच्याही खिजगणतीत नाही ही भावना त्या रोषामागे होती. ज्याने घाव घातला त्याच्यावरील राग आणि ज्याने मलमपट्टी केली नाही त्याच्यावरील राग मनात एकमेकांत मिसळून जातात. ही मिसळ पुढे बंगालच्या राजकारणातही दीर्घकाळ जाणवत राहिली.

फाळणीने मनोरुग्णालयांचीही वाटणी केली. १९५० मध्ये लाहोरच्या मनोरुग्णालयातील हिंदू व शीख रुग्ण भारतात आणि भारतातील मुसलमान रुग्ण पाकिस्तानात पाठविण्यात आले. ज्यांना वर्ष-तारीखही सांगता येत नव्हती त्यांचा देश त्यांच्या धर्मावरून ठरला. सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेकसिंग’ या कथेने ही घटना अमर केली. परंतु वैद्यकाने मात्र या कालखंडाविषयी दीर्घकाळ मौन पाळले. लाखो लोकांच्या मनांवर आघात झाला असताना मानसोपचाराच्या तत्कालीन लेखनात त्याचा उल्लेख तुरळक आहे. संजीव जैन आणि आलोक सरीन यांनी संपादित केलेला फाळणीच्या मानसिक परिणामांविषयीचा ग्रंथ २०१८ मध्ये, म्हणजे ७१ वर्षांनी आला. मधल्या काळात हे काम साहित्याने आणि चित्रपटाने केले. ढाक्यात जन्मलेले ऋत्विक घटक हे विस्थापनाचे दुःख आयुष्यभर चित्रित करीत राहिले. १९६९ मध्ये त्यांना स्वतःलाच पार्क सर्कसजवळच्या गोबरा मनोरुग्णालयात राहावे लागले.

भीती कशी काम करते याचे बालीगंजमधील सर्वांत सूक्ष्म चित्रण अमिताव घोष यांच्या ‘द शॅडो लाइन्स’ या १९८८ च्या इंग्रजी कादंबरीत आहे. या कादंबरीस १९८९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातील पवित्र केस नाहीसा झाल्यानंतर १९६४ च्या जानेवारीत खुलना, ढाका आणि कोलकाता येथे दंगली झाल्या. ही कादंबरीची पार्श्वभूमी आहे. दक्षिण कोलकात्यात राहणारा शाळकरी निवेदक त्या सकाळी शाळेच्या बसमध्ये चढतो. शहराला पाणी पुरविणाऱ्या टाला टाकीत विष कालवले गेले आहे, अशी अफवा मुलांपर्यंत पोहोचलेली असते. कोणी कालवले, हे विचारण्याची गरज नसते. मुलाचा जिवलग मित्र मुसलमान आहे; त्याच्याविषयी विचारताच आपली त्याची कित्येक महिन्यांत भेट नाही, असे खोटेच तो सांगून टाकतो. कोणी त्याला धमकावलेले नसते. या प्रसंगात एकही घाव पडत नाही, रक्त सांडत नाही. एक मैत्री मात्र मुकाट्याने संपते. पाण्यासारखी रोजची गोष्ट संशयास्पद होणे, हे धर्मद्वेषाने मनावर केलेल्या आक्रमणाचे लक्षण म्हणून घोष यांनी टिपले आहे.

अफवेचे सामर्थ्य बालीगंजने पुढे प्रत्यक्षातही अनुभवले. ३० एप्रिल १९८२ रोजी बालीगंज आणि कसबा यांना जोडणाऱ्या बिजन सेतूवर व त्याच्या आसपास आनंदमार्ग या पंथाच्या १६ संन्यासी आणि १ संन्यासिनी अशा १७ जणांना वाहनांतून खेचून, मारहाण करून जाळण्यात आले. भर दिवसा, लोकांच्या देखत हे घडले. मुले पळविणारे लोक आले आहेत, अशी अफवा त्याआधी पसरली होती. त्यामागे राजकीय हेतू असल्याचे आरोप झाले. २०१२ मध्ये न्यायमूर्ती अमिताभ लाला यांचा चौकशी आयोग नेमला गेला. पण कोणालाही शिक्षा झाली नाही. येथे दोन मोठ्या धर्मांचा झगडा नव्हता. भगवी वस्त्रे घातलेला, पण शेजाऱ्यांना अनोळखी आणि संशयास्पद वाटणारा एक छोटा पंथ होता. विषारी पाण्याची अफवा आणि मुले पळविण्याची अफवा यांचा साचा एकच आहे. माणसाच्या मनातील सर्वांत आदिम काळजी, म्हणजे पाणी आणि मूल, यांना परक्याचा चेहरा दिला जातो. हे वेड नव्हे. मारणारे लोक दुसऱ्या दिवशी आपापल्या कामावर जाऊ शकतात. म्हणूनच अशा कृत्यांना ‘जमावाचे वेड’ म्हणणे हा वेड्यांवरही अन्याय आहे.

मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांची जी अवस्था झाली तिचे वर्णन ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे. पती जिवंत असताना आलेला वियोग, नातलगांचा आक्रोश, बाटण्याची भीती, सोवळ्याओवळ्याचा पगडा यांनी त्यांचे मन सैरभैर झाले. त्या काळी कोणत्याही वैद्याने या दुःखाला नाव दिले नाही. त्यांना सावरले ते काही आप्तांच्या मायेने आणि स्वतःच्या विनोदबुद्धीने. स्वतःच्या मनातील जातिभेद गळून पडताना त्यांनी पाहिला, आणि १९०० मध्ये त्यांनीही दीक्षा घेतली. बहिष्कृताचे दुःख आणि बहिष्कार घालणाऱ्याचा संस्कार ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतात, हे लक्ष्मीबाईंनी जितक्या सरळपणे सांगितले तितके क्वचितच कोणी सांगितले असेल.

अलीकडच्या काळात या प्रश्नाची दखल शासनाच्या कागदपत्रांतही घेतली गेली. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुसलमानांना घर विकत किंवा भाड्याने मिळण्यात येणाऱ्या अडचणी, असुरक्षिततेची भावना आणि त्यातून होणारे वस्त्यांचे एकवटणे यांची नोंद आहे. नाव सांगताच घरमालकाचा चेहरा बदलतो, हा अनुभव दंगलीइतका भीषण नाही; पण दंगल काही दिवसांत शमते आणि हा अनुभव रोज येतो. सततच्या सावधपणाचा ताण मनाला थकवितो, झोप आणि विश्वास हिरावून घेतो, हे आता जगभरच्या संशोधनाने मान्य केले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने उपचाराच्या हक्कात धर्मावरून भेद करण्यास मनाई केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एखाद्याचा धार्मिक समूह पाहून, किंवा तो आपल्या समाजातील रूढ नीती व श्रद्धा पाळत नाही म्हणून, त्याला मनोरुग्ण ठरविता येणार नाही असे या कायद्याने स्पष्ट केले. जुन्या इस्पितळांच्या तक्त्यांपासून या कलमापर्यंतचे अंतर जवळजवळ दीड शतकाचे आहे.

लुंबिनी पार्क आता राज्य शासनाचे रुग्णालय आहे. तिळजल्याच्या मिश्र वस्तीतील माणसे, आणि लोहमार्गाच्या पश्चिमेकडील बालीगंजची माणसेही, तेथे येतात. कायद्याने दिलेला हक्क प्रत्यक्षात मिळतो की नाही, हे शेवटी लहान गोष्टींवर ठरते. नोंदवहीत नाव लिहून घेणाऱ्याचा स्वर कसा आहे, रुग्णाच्या नमाजाला किंवा उपवासाला डॉक्टर लक्षण समजतो की सवय, आणि बरे झालेल्या माणसाला परत जाण्यासाठी एखाद्या गल्लीत भाड्याची खोली मिळते की नाही. यांतील पहिल्या दोन गोष्टी रुग्णालयाच्या हातात आहेत. तिसरी शेजाऱ्यांच्या हातात आहे, आणि तिच्यावर लुंबिनी पार्कमध्ये उपचार होत नाहीत.